टांगा हाकणाऱ्याचं नाव काय?

आधी कबुली देतो, मग भांडतो.

तीन वर्षांपूर्वी मी आजोबांवर एक कविता लिहिली. भूमिहीनांच्या सत्याग्रहात आजोबा जेलात गेले, उपाशी राहिले, पण माफीच्या कागदावर अंगठा दिला नाही, असं त्या कवितेत होतं. धुळ्याला, जळगावला, भुसावळला मी ती स्टेजवरून वाचली. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले, एका पोराने पाय धरले. मीही छाती फुगवून फिरलो. सत्याग्रहीचा नातू!

ती कविता खोटी आहे. जेलात आजोबा गेले नव्हते. आजी गेली होती.

हे मला कळलं कसं, तर लाईट गेली म्हणून. मी गोदीत कंत्राटी मजूर. दहावीच्या पुढे शिकलो नाही. काम लागलं तर लागलं, नाही तर गेटवर उभं राहून परत. असाच एक आठवडा बोट नव्हती, म्हणून गावी गेलो. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरली. रात्री वस्तीतली लाईट गेली, मोबाईलची बॅटरी गेली, आणि घरात मी आणि आजी असे दोघंच. आजी दिव्यासमोर बसून तुरी निवडत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आजी, आजोबा जेलात गेले तेव्हा तू काय करत होतीस?"

आजीने सूप खाली ठेवलं.

"पोऱ्या, जेलमा तुन्हा आजा नही, मी जायेल शे."

मला वाटलं म्हातारी भ्रमली. आज तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे. भिंतीवर आजोबांचा फोटो, फोटोला हार, आणि फोटोखाली बसून ही म्हणते, मी गेले होते. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "माले कोनी इचारंच नही."

दोस्तांनो, हे वाक्य मला गोदीतल्या लोखंडाच्या कॉइलीपेक्षा जड गेलं.

तिने जे सांगितलं ते असं. कापूस वेचणीचे दिवस होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची हाक गावोगाव आली होती. कसायला जमीन द्या, बाबासाहेबांचा फोटो पार्लमेंटात लावा, अशा मागण्या. सत्याग्रह सुरू झाला ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. लाखांनी माणसं जेलात गेली. आजीला तारखा येत नाहीत. तिला एवढंच येतं की मोठा काका कडेवर होता, अंगावर पीत होता, आणि दुष्काळ पडायला अजून बरीच वर्षं होती. दुष्काळ म्हणजे १९७२ चा. तिचं कॅलेंडर असं आहे. त्याच्यावर साल बरोबर बसतं.

आजोबा एका बड्या शेतकऱ्याकडे सालदार होते. साल मोडून गेले असते तर उचल अंगावर आली असती. घरात दाणा नव्हता. मग ठरलं, घरातून एकाने तर जायलाच पाहिजे. सासू म्हणाली, सून जाईल. अशी माझी आजी लेकरू कडेवर घेऊन, वस्तीतल्या सात-आठ बायांबरोबर पायी निघाली, कचेरीसमोर बसली, गाडीत कोंबली गेली, आणि धुळ्याच्या जेलात पोचली.

मी विचारलं, तिथे हाल झाले असतील ना? मला कवितेसाठी हाल पाहिजे होते. आजी हसली.

"ते मन्हं माहेर व्हतं. दोन येळ भाकर भेटे. कोनी मारे नही."

कोनी मारे नही. म्हणजे घरी मारत होते. कोण? भिंतीवरचा हारवाला. ज्याच्यावर मी कविता लिहिली, तो. पुढे तो समितीत आला, पंचायतीत आला, स्टेजवर बसला, आणि घरातला सत्याग्रह हळूहळू त्याच्या नावावर चढला. त्याने मुद्दाम चोरला असं आजी म्हणत नाही. लोक विचारायचे, "तुमच्या घरचं कोण गेलं होतं?" तो म्हणायचा, "आम्ही गेलो होतो." त्या 'आम्ही'मधून आजी गळून गेली. सातबाऱ्यावरून बाईचं नाव गळतं तशी.

आणि तरी आजी त्याच्यावर चिडलेली नाही. "त्यास्ना काय दोष? साल मोडतं तर पोरे काय खातात?" म्हणाली. हेही मला लिहिलंच पाहिजे. पोरांच्या पोटासाठी घरी थांबलेला, मालकाच्या शिव्या खाणारा आणि रात्री घरी येऊन बायकोला मारणारा माणूस. माझ्या कवितेतल्या पुतळ्यापेक्षा हा माणूस जास्त खरा आहे. त्याला आपल्या कवितेत जागा का नाही?

आता सवाल ह्या जेलचा. धुळ्याचं जेल मराठी वाङ्मयात फार प्रसिद्ध आहे. १९३२ साली तिथे विनोबा भावे कैदेत होते. दर रविवारी ते गीतेवर बोलायचे. समोर साने गुरुजी बसायचे आणि शब्द न् शब्द टिपून घ्यायचे. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं, कितीतरी भाषांत गेलं. साने गुरुजींबद्दल माझ्या मनात आदर आहे. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून जीव पणाला लावणारा माणूस तो. माझं म्हणणं वेगळं आहे. त्याच जेलात बत्तीस वर्षांनी माझी आजी बसली होती, तिच्यासारख्या बाया बसल्या होत्या. त्याही रात्री बोलत होत्या. जात्याचं बोलत होत्या, नवऱ्याचं बोलत होत्या, जमिनीचं बोलत होत्या. समोर पेन्सिल घेऊन कोणी बसलं नव्हतं. म्हणून त्या बोलण्याचं पुस्तक झालं नाही. बोलणं कमी दर्जाचं होतं म्हणून नव्हे. टिपणारा नव्हता म्हणून.

आपल्या खान्देशातच ह्याचा पुरावा आहे. जळगावजवळच्या आसोद्याची बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही. शेतात राबताना, जात्यावर बसताना तोंडातून गाणी निघायची आणि वाऱ्यावर जायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ह्यांनी ती लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेली. मग सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या निरक्षर बाईचं नाव आहे. आता उलटं धरून बघा. मुलगा कवी नसता तर? वहीच नसती तर? जळगावला एक म्हातारी मेली, चार माणसं जमली, दहावं झालं, संपलं. बहिणाबाई तर कुणबाऊ घरातली, शेतीभाती असलेली. गावकुसाबाहेर किती बहिणाबाया राख होऊन गेल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

दुसरा पुरावा धुळ्याचा. इतिहासाचार्य राजवाडे. ह्या माणसाने गावोगाव पायपीट केली, वाड्यावाड्यांतून दप्तरं उचकली, माळ्यावरची कुजकी कागदं बाहेर काढली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड काढले. १९२६ च्या अखेरीला धुळ्यातच वारले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. मेहनत दांडगी, मी नाकारत नाही. पण कागद कोणाच्या माळ्यावर असतो? ज्याला माळा असतो त्याच्या. आमच्या झोपडीत माळा नव्हता, कागद नव्हता. कागदावर आमचा अंगठा होता तो सावकाराच्या घरी. मग आमचा इतिहास होता कुठे? म्हातारीच्या तोंडात. आमचं दप्तर तेवढंच. आणि हे दप्तर वाळवी खात नाही, ते सरळ स्मशानात जातं. राजवाड्यांनी वाड्यासाठी जेवढी पायपीट केली, तेवढी आपल्यातल्या कोणी वस्तीसाठी केली?

आता चाळीसगावला या. स्टेशनवर उतरलो की मला एकच गोष्ट आठवते. ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीचे बाबासाहेब सभासद होते. धुळ्याकडे आले होते. चाळीसगाव-धुळे रेल्वेमार्गावरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते परत निघाले. चाळीसगावच्या लोकांनी आग्रह केला, आज रात्र आमच्याकडे राहा. स्टेशनवर बराच वेळ थांबवून ठेवलं, मग टांगा आला. थोडं अंतर गेला, नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, घोडा उधळला. बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, शुद्ध हरपली, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे स्वतः लिहून ठेवलंय. रोज टांगे जातात त्या फरशीवर आजच असं कसं झालं, हे त्यांना कळेना. मग त्यांनी काय केलं? त्यांनी विचारलं. आणि विचारल्यावर लोकांनी सांगितलं. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. पाहुण्याला पायी नेणं वस्तीला कमीपणाचं वाटलं. मग तोड निघाली, टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायला आपलाच एक माणूस बसवायचा. त्या माणसाने जन्मात टांगा हाकला नव्हता.

हे बाबासाहेबांनी विचारलं नसतं तर? तर ती गोष्ट 'टांग्याचा अपघात' एवढीच राहिली असती. फरशी खराब होती, घोडा बुजला, झालं. विचारल्यावर त्या अपघातातून जात बाहेर आली. विचारण्याची ताकद एवढी असते. बॅरिस्टर माणूस, पाय मोडलेला, आणि वस्तीतल्या अडाणी माणसांचं बोलणं पुरावा म्हणून ऐकून घेतो. आपण दहा पुस्तकं वाचली की म्हाताऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकत नाही.

पण माझं डोकं अजून एका माणसापाशी अडकलंय. टांगा हाकणाऱ्यापाशी. त्याचं नाव बाबासाहेबांच्या लिखाणात नाही. तो कोण होता? त्या रात्री तो कुठे बसला असेल? ज्याच्यासाठी जीव टाकायचा, त्याचाच पाय आपल्या हातून मोडला, हे घेऊन तो किती वर्षं जगला? पोरांना त्याने हे सांगितलं का? की आजीसारखा तोही गप्प राहिला, कोणी विचारलं नाही म्हणून? माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी कादंबरी त्या माणसाच्या पोटात होती. ती त्याच्याबरोबर गेली असेल.

आता आपले काही दोस्त काय म्हणतात ते घेऊ. आजीची गोष्ट मी चार जणांना सांगितली तेव्हा वाद झाला. वाद झाला हे चांगलं झालं.

एक म्हणाला, म्हातारी माणसं गुलामीतली. त्यांनी जोहार घातला, मेलेली ढोरं ओढली. त्यांच्याकडून काय शिकायचं? मीही हेच म्हणायचो. आता नाही म्हणत. महारवतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे आज ऐंशी-पंच्याऐंशीला आलेल्या माणसाने बापाच्या हातात येसकराची काठी बघितली आहे, ती काठी फेकून देतानाही बघितलं आहे. दोन्ही बघितलेली ही शेवटची पिढी. गुलामी कशी आत शिरते आणि माणूस ती कशी बाहेर फेकतो, हे डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार आपल्या ओट्यावर बिडी ओढत बसलाय, आणि आपण त्याच्यासमोरून मोबाईल बघत जातो.

दुसरा म्हणाला, म्हातारे फेकतात. प्रत्येक वस्तीत एक जण भेटतो, ज्याने बाबासाहेबांना स्वतःच्या हाताने पाणी दिलं. खरं आहे. मलाही एक बाबा भेटला. म्हणाला, चाळीसगावला बाबासाहेबांना उचलणाऱ्यांत मी होतो. हिशेब केला तर त्याचं वय एकशेदहाच्या वर जायला पाहिजे. मी चार वेळा फिरवून फिरवून विचारलं तेव्हा उलगडलं. त्याच्या बापाने ती गोष्ट त्याला इतक्या वेळा सांगितली की ती त्याच्या अंगात मुरली. बापाचे हात त्याला स्वतःचे वाटायला लागले. ह्याला खोटं म्हणून फेकू नका. 'बापाकडून ऐकलेलं' असं लिहा, आणि पुढे जा.

उलटाही अनुभव आहे. गोदीतला एक रिटायर म्हातारा सांगायचा, त्याचा बाप म्हणायचा की स्फोट झाला तेव्हा आभाळातून सोन्याच्या विटा पडल्या. आम्ही त्याची टर उडवायचो. नंतर वाचलं तर खरं निघालं. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, फोर्ट स्टिकिन नावाची बोट. बोटीत दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. बोट फुटली तेव्हा विटा उडून दूर जाऊन पडल्या. म्हातारा बरोबर होता, गाढव आम्ही होतो. म्हणून आधी ऐका, मग तपासा. ऐकायच्या आधीच तपासणारा माणूस पोलीस असतो.

तिसऱ्याचं म्हणणं मला जास्त लागलं. तो म्हणाला, आजोबांनी मारलं हे छापू नकोस. बाहेरचे लोक टपलेलेच आहेत. आपल्या माणसाची बदनामी आपण का करायची? ह्यावर मी दोन रात्री झोपलो नाही. मग आठवलं, हे दुखणं नवीन नाही. बेबीताई कांबळे 'जिणं आमुचं' मधला मजकूर वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून लिहीत होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना शोधत घरोघर फिरल्या, त्यांच्यासमोर बसल्या, विचारलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. त्या फिरल्या नसत्या तर कितीतरी बायांची नावं माझ्या आजीसारखी 'आम्ही'मध्ये बुडून गेली असती. त्या पुस्तकाने चळवळ लहान झाली का? उलट दुप्पट झाली. अर्धी माणसं मोजायची राहिली होती, ती मोजली गेली.

म्हणून मी छापतो आहे. आजीला विचारून छापतो आहे. ती आधी म्हणाली, "सांगीसन काय व्हई?" मी म्हटलं, काही होणार नाही, फक्त खरं काय ते लोकांना कळेल. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, लिही, पण हार काढू नको.

हार काढलेला नाही.

आता कामाचं बोलतो. विचारायचं कसं? मी चुकत चुकत शिकलो, ते सांगतो.

'तुमचं जीवनचरित्र सांगा' असं विचाराल तर म्हातारी म्हणेल, आमचं काय चरित्र, आणि चहा ठेवायला उठेल. लहान विचारा. पहिल्यांदा चप्पल कधी घातली? पाणी कोणत्या विहिरीचं भरायचात, रांग कशी लागायची? बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या रस्त्यावर खडी फोडली? लग्नात काय जेवण होतं? एका चपलेच्या मागे अख्खं गाव बाहेर येतं.

त्यांच्या हातात काम असू द्या. तुरी निवडताना, वाती वळताना, गोधडी शिवताना माणूस बोलतो. खुर्चीवर बसवलं, समोर मोबाईल धरला की सभेतलं भाषण सुरू होतं. मोबाईल लावायचा तर सांगून लावा, बाजूला ठेवा आणि विसरा.

साल विचारू नका. लेकरू कडेवर होतं की चालत होतं, ते विचारा. साल आपण मागून बसवू.

बोली बदलू नका. आजीचं 'माले कोनी इचारंच नही' हे पुस्तकी मराठीत आणलं की मेलं. अहिराणीत बोलली तर अहिराणीत लिहा. ज्याला कळणार नाही तो चाळीसगावची गाडी पकडून येईल.

बायांना बाप्यांसमोर विचारू नका. म्हातारा शेजारी बसला की म्हातारी 'आम्ही' म्हणते. तो उठून गेला की 'मी' म्हणते. मला लागलेला शोध म्हणाल तर एवढाच.

आणि शेवटचं, कवींसाठी, म्हणजे माझ्यासाठी. म्हातारीकडे कच्चा माल म्हणून जाऊ नका. आपण दोन ओळी उचलतो, टाळ्या घेतो, आणि तिची औषधाची चिठ्ठी तशीच उशाखाली पडून राहते. ऐकायला गेलात तर चिठ्ठीही वाचा, पेन्शनचा फॉर्मही भरा. तिने आयुष्य दिलं, आपण निदान रांगेत उभं राहू.

माझी ती कविता मी परत वाचणार नाही. वहीतून फाडलेली नाही. खाली लिहून ठेवलंय, 'ही चूक आहे. जेलात आजी गेली होती.' नवी कविता अजून जमलेली नाही. आजी बोलते आहे तोवर मला कवितेची घाई नाही.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसं जमतात. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे राहिले होते, त्याची आठवण म्हणून. गाणी होतात, भाषणं होतात, पोरं फोटो काढतात. गर्दीच्या कडेला झाडाखाली म्हातारी माणसं भाकरी सोडून बसलेली असतात. येत्या ३१ जुलैला स्टेजकडे पाठ करून त्यांच्यात जाऊन बसा. भाकरी मागून खा. आणि विचारा.

कोण जाणे, त्यातल्या एखाद्याच्या बापाने चाळीसगावला टांगा हाकला असेल.